पाचपाखाडीच्या स्वयंपाकघरातले हात : प्रकल्प नोंदी

६ नोव्हेंबर २०२४

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी संपल्या. बोनसच्या वहीवर सह्या घेताना ठाण्याच्या पाचपाखाडीतील आमच्या पोळीभाजी केंद्रातल्या बहुतेक जणींचे हात एकापाठोपाठ एक टेबलावर आले आणि एरवी सुटे सुटे दिसणारे दुखणे आज एकत्र नजरेला पडले. भांडी घासणाऱ्या मावशींच्या बोटांच्या पेरांवर आडव्या भेगा आहेत. लसूण सोलणाऱ्या ताईंच्या डाव्या हाताची तीन बोटे टोकाशी सोलपटली आहेत. कणीक मळणाऱ्या वहिनींच्या अंगठीखाली लालसर पट्टा असून त्याला सतत खाज सुटते. रेशनच्या दुकानातील यंत्र अंगठा ओळखत नाही म्हणून धान्य आणायला मुलाला पाठवावे लागते, असे मावशींनी हसत हसत सांगितले.

हा विषय केंद्राचे काम म्हणून हाती घ्यायचा, असे बैठकीत ठरले. कोणत्या कामाने कोणाचा हात बिघडतो हे पाहायचे आणि शक्य तेथे कामाची रीत बदलायची, एवढाच हेतू आहे. नोंदी मी ठेवणार असून त्यांत कोणाचेही नाव येणार नाही. हात खराब दिसले तर काम जाईल ही भीती प्रत्येकीच्या मनात आहे आणि ती अगदीच निराधार नाही. अन्न व्यावसायिकांसाठीच्या २०११ च्या नियमांनुसार अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी लागते आणि उघडी जखम झाकलेली असावी लागते. परिणामी तपासणीच्या दिवशी हात पदराआड जातात. खरे तर लपवलेला हातच अधिक धोक्याचा असतो, कारण इसबाने फुटलेल्या त्वचेवर स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू सहज वस्ती करतो आणि तो अन्नात गेल्यावर तयार होणारे विष अन्न पुन्हा उकळूनही हमखास नष्ट होत नाही. त्यामुळे हातांची काळजी हा केंद्राच्या स्वच्छतेचाच भाग मानावा लागेल, तो कोणावर केलेला उपकार नव्हे.

१४ नोव्हेंबर २०२४

मावशी आणि ताई यांना घेऊन कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातील त्वचारोग विभागात गेलो. डॉक्टरबाईंनी ट्यूब कोणती लावता हे नंतर विचारले. आधी विचारले ते सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत हात कशाकशात जातात ते. मावशींची यादी संपेना. घरची भांडी, केंद्रातील पातेली, दुपारी आणखी दोन घरांची भांडी आणि फरशी, संध्याकाळी कपडे.

त्यांनी समजावून सांगितलेले येथे उतरवून ठेवतो. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात पेशींच्या मध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले असतात व त्यांच्यामुळेच आतला ओलावा आत राहतो आणि बाहेरचे रसायन बाहेर राहते. साबण मळाबरोबर ही चरबीही थोडी थोडी धुऊन नेतो. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (पीएच; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) सुमारे ५ असतो; साबणाच्या वडीचा सामू ९ ते १० च्या आसपास जातो आणि धुण्याची पावडर व भांड्याची वडी यांत सोडा असल्याने त्या सहसा याहूनही तीव्र असतात. एका धुण्याने काही बिघडत नाही, कारण त्वचा काही तासांत सावरते. सावरण्याआधीच पुन्हा पाणी, पुन्हा साबण असे चालू राहिले की नुकसान साचत जाते आणि एके दिवशी ज्या साबणाने वर्षानुवर्षे काही झाले नाही त्याच साबणाने हात फुटतात. ‘आजवर कधी त्रास झाला नाही, मग आताच कसा’ हा मावशींचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर हेच आहे. ज्यांना लहानपणी इसब, दमा किंवा सततची सर्दी-शिंका होती, त्यांचे हात इतरांपेक्षा लवकर बिघडतात. ताईंना लहानपणी कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत इसब होते, हे त्या वेळी कळले.

दुसरा प्रकार ॲलर्जीचा असतो. त्यात मात्रेपेक्षा पदार्थ महत्त्वाचा असतो. शरीराने एकदा तो ओळखून ठेवला की अगदी थोड्या स्पर्शानेही पुरळ उठते. दोन्ही प्रकार दिसायला सारखे असतात आणि पुष्कळदा एकाच हातावर नांदतात.

२२ नोव्हेंबर २०२४

प्रत्येकीचे हात किती वेळ ओले राहतात, हे भिंतीवरचे घड्याळ पाहून लिहून काढले. जर्मनीतील कामगार-सुरक्षेच्या नियमांत दिवसाला २ तासांहून अधिक काळ हात पाण्यात राहत असतील तर ते ‘ओले काम’ धरले जाते व मालकाला त्याबाबत उपाय करावे लागतात. मावशी आमच्याकडच्या कामातच ही मर्यादा ओलांडतात, घरचे आणि इतर घरांचे काम वेगळेच. भाजी निवडून धुणाऱ्या दोघी मर्यादेच्या आसपास आहेत. पोळ्या लाटणाऱ्यांचे हात मात्र फारसे ओले होत नाहीत. पिठाने कोरडे पडतात आणि तव्याची धग लागते, पण भेगा नाहीत.

दुसरी गोष्ट अनपेक्षित होती. सर्वाधिक वेळा हात धुणाऱ्या मावशी नव्हेत, तर डबे भरणाऱ्या ताई (लसूण सोलणाऱ्या त्या वेगळ्या). भाजीचा थेंब लागला की धुवा, पैसे घेतले की धुवा, फोन उचलला की धुवा, असे त्यांचे चालू असते. धुतल्यावर हात पुसण्यासाठी जागेवर काहीच नाही, म्हणून ते पदराला किंवा ॲप्रनला पुसले जातात आणि बोटांच्या बेचक्यांत ओल तशीच राहते. वहिनींच्या अंगठीखालचा पट्टाही याच कारणाने पडला असावा, कारण साबणाचे पाणी अंगठीखाली अडकून राहते.

५ डिसेंबर २०२४

मोरीकडील बदल आजपासून लागू केले. येथे बराच वाद झाला, म्हणून सविस्तर लिहितो.

पूर्वीची रीत अशी होती. रिकामी पातेली मोरीत येऊन पडत, त्यांतील मसाला वाळून चिकटत असे आणि मावशी तारेची घासणी व भांड्याची वडी घेऊन उकिडव्या बसून ती खरवडत असत. वडी हातात धरल्याने साबणाचा सर्वांत दाट अंश थेट तळव्याला लागत असे आणि तारेचे बारीक तुकडे भेगांत शिरत असत. आता पातेले रिकामे झाले की ज्याने रिकामे केले त्यानेच त्यातील खरकटे काढून ते गरम पाण्याच्या पिंपात बुडवायचे आहे. तासाभराने निम्मे काम पाणीच करते. वडीऐवजी द्रव साबण पाण्यात मिसळून वापरायचा आणि लांब दांड्याच्या ब्रशने घासायचे. द्रव साबणाचा सामू वडीपेक्षा सौम्य असला तरी चरबी काढणे हे त्याचेही कामच आहे, त्यामुळे तो न मिसळता हातावर ओतायचा नाही, हे मोरीवरच्या भिंतीवर लिहून लावले. विसळण्याचे काम दुपारी बाराच्या पुढे दुसरी व्यक्ती करील.

या शेवटच्या मुद्द्यावर कुरकुर झाली. पोळ्या लाटणे हे मानाचे काम आणि मोरी म्हणजे खालची पायरी, असे उघड कोणी म्हणत नाही, पण पाळी लावायचे म्हटले की कंबरदुखी सुरू होते. माझे मत नोंदवून ठेवतो की हातांचा प्रश्न मलमाने सुटत नाही याचे मुख्य कारण हेच आहे. सगळे पाणी एकीच्याच वाट्याला टाकायचे आणि तिला ट्यूब आणून द्यायची, हे सर्वांना सोयीचे असते. अखेर पाळी आठवड्याने नव्हे तर रोज तासाने बदलायची, असे ठरले. आठवडाभर पाण्यात आणि आठवडाभर कोरडे राहण्यापेक्षा हातांनाही तेच बरे.

१९ डिसेंबर २०२४

लसूण. ताई उजव्या हाताने सुरी धरतात आणि पाकळी डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी व मधले बोट यांच्या चिमटीत धरतात. आज त्यांच्यासमोर बसून पाहिले. पाकळीचे बूड कापताना रस नेमका त्या तीन टोकांवर उतरतो. करंगळी आणि अनामिका पाकळीला शिवतही नाहीत व त्या दोन बोटांची कातडी अगदी स्वच्छ आहे. उजव्या हाताला काहीही नाही. डॉक्टरबाईंनी हात पाहताक्षणी ‘लसूण सोलता का’ असे विचारले होते, त्याचा उलगडा झाला. लसणातील डायअलिल डायसल्फाइड या घटकाची ॲलर्जी असलेल्या स्वयंपाक्यांत ही खूण ठरलेली असते. हातमोजे घालून सोलण्याचा मार्ग येथे उपयोगी नाही, कारण हा घटक बहुतेक हातमोज्यांतून आरपार जातो.

म्हणून ताईंना लसणापासून पूर्ण बाजूला काढून पोळ्यांच्या ओट्यावर घेतले. जांभळी नाक्याच्या बाजारातून सोललेला लसूण आणण्याचा हिशेब करून पाहिला. तो महाग पडतो आणि लवकर वास धरतो. त्याऐवजी गड्ड्या मोकळ्या करून, तेलाचा हात लावून गच्चीवर उन्हात टाकायच्या आणि फडक्यात बांधून चोळायच्या, ही घरोघरी चालणारी जुनी रीत मोठ्या प्रमाणावर करून पाहिली. टरफल बरेचसे आपोआप सुटते आणि सुरीचे काम कमी होते. पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हा काय करायचे, हे तेव्हा पाहू.

९ जानेवारी २०२५

मावशींची पॅच टेस्ट पूर्ण झाली. मोरीतील बदलांनंतर तळवे सुधारले, पण हातांच्या पाठीवरील पुरळ हटत नव्हते आणि ते मनगटाच्या वर चार बोटे जाऊन रेघ ओढल्यागत थांबत होते. तेथेच मावशींनी स्वतः विकत आणलेल्या रबरी हातमोज्यांची कड येते.

या चाचणीत संशयित पदार्थांच्या चकत्या पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढतात, तेव्हा एकदा पाहतात आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात, कारण ॲलर्जीची प्रतिक्रिया सावकाश वर येते. तेवढे दिवस पाठीला पाणी लावायचे नाही व घाम येईल असे काम करायचे नाही. ठाण्याच्या उकाड्यात चकत्या घामाने सुटतात, त्यामुळे ती थंडीतच उरकून घेतली हे बरे झाले. भारतीय मालिकेत निकेल, सिमेंटमधील क्रोमेट, सुवासिक द्रव्यांचे मिश्रण, केसांच्या कलपातील पीपीडी आणि गाजरगवत यांच्याबरोबर रबर बनवताना वापरली जाणारी रसायनेही असतात. मावशींना त्यांतील थायुरम मिश्रणाची प्रतिक्रिया आली. म्हणजे ज्या हातमोज्यांनी हात वाचावेत, तेच हातांना बाधत होते.

आता त्यांच्यासाठी रबर नसलेले व्हिनाइलचे हातमोजे आणि आत पातळ सुती हातमोजे घेतले आहेत. सुती थर घाम टिपतो. आतून ओले झाले की लगेच बदलायचे, आतला भाग आधी कोरडा आहे ना ते पाहायचे आणि छिद्र पडलेला हातमोजा फेकून द्यायचा. छिद्रातून साबणाचे पाणी आत गेले तर ते कातडीला चिकटून बसते व उघड्या हातापेक्षा जास्त हानी करते.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. तिळगूळ वळताना तळव्यांना तूप लावतात, पाणी नव्हे. आजच्या दिवसापुरते सर्वांचे हात छान होते.

६ फेब्रुवारी २०२५

डबे पोहोचवणाऱ्या मुलाने आपलाही हात दाखवला. वागळे इस्टेटच्या फेरीवर असताना तो केमिस्टकडून घेतलेली एक ट्यूब बराच काळ लावत होता. लावली की बरे वाटते, थांबवली की दुप्पट येते, अशी त्याची तक्रार होती. त्याचा फक्त उजवा तळवा कोरडा होता, रेषांमध्ये पांढरे पीठ भरल्यासारखे दिसत होते आणि दोन्ही पायांचे तळवेही तसेच होते. एक हात आणि दोन पाय, हे बुरशीचे लक्षण असू शकते. रुग्णालयात कातडीचा भुगा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि ते गजकर्णच निघाले. त्याच्या ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र होते. स्टेरॉइडमुळे लाली दबते आणि बुरशी निवांत पसरते.

२०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी दुकानात चिठ्ठी न मागता ट्यूब मिळते. याचा उलटा परिणामही आमच्याकडे पाहायला मिळाला. स्टेरॉइड वाईट असे ऐकून वहिनींनी डॉक्टरांनी लिहून दिलेले मलमही लावले नाही आणि इसब चिघळवले. खऱ्या इसबावर ठरावीक दिवस, ठरावीक मात्रेत ते लावावेच लागते; तळव्याची कातडी जाड असल्याने तेथे सौम्य औषध पुरत नाही. मात्रेचे माप सोपे आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम आणि ती एका हाताच्या दोन्ही बाजूंना पुरते.

२० मार्च २०२५

दुरुस्तीसाठी दोन दिवस नळाचे पाणी बंद होते व टँकर मागवावा लागला. विहिरीचे जड पाणी आले. त्याला फेस येत नाही म्हणून सर्वांनी साबण वाढवला. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतात आणि तो हातावर बसून राहतो. साबण वाढवू नये, शेवटी हात पिण्याच्या पाण्याच्या माठातील तांब्याभर पाण्याने विसळावा, एवढीच सूचना दिली.

उन्हाळ्याबरोबर भाजी निवडणाऱ्या एकीच्या बोटांच्या कडांना साबुदाण्यासारख्या घट्ट पुटकुळ्या आल्या. त्वचारोगाच्या पुस्तकांतही त्यांना हीच उपमा देतात. त्या फोडायच्या नाहीत. तिने लिंबू चोळले होते आणि वर जंतुनाशक घातलेल्या पाण्यात हात बुडवून ठेवले होते. दोन्ही बंद करायला सांगितले.

घरगुती उपायांबद्दल माझे मत सरसकट नाही. खोबरेल तेल बहुतेकींना चालते. मोहरीचे तेल नको, ते त्वचेचा वरचा थर आणखी सैल करते. मालवणकडच्या मावशी कोकमतेलाचा गोळा आणतात, तो विस्तवावर पातळ करून कोमट झाल्यावर टाचांच्या आणि बोटांच्या भेगांत भरतात. कोरड्या भेगेवर रात्री तो लावायला डॉक्टरबाईंनीही हरकत घेतली नाही, मात्र पाणी सुटणाऱ्या इसबावर काहीच भरायचे नाही. सर्वांत स्वस्त आणि बिनवासाचे म्हणजे साधी पेट्रोलियम जेली. तिची डबी आता हात धुण्याच्या जागी, घडी केलेल्या सुती पंच्यांशेजारी ठेवली आहे. डबीत बोट घालायचे नाही, चमच्याने घ्यायचे. हात टिपायचे, पुसायचे नाहीत, आणि किंचित ओले असतानाच जेली लावायची; डबे भरायच्या आधी मात्र नव्हे, कारण झाकण निसटते आणि पोळीला वास लागल्याचा भास होतो.

साबणाच्या वेष्टनावरील ‘ग्रेड १’ वाचून तो हातांना मऊ, असा समज येथे पक्का आहे. भारतीय मानकानुसार ग्रेड १ मध्ये किमान ७६ टक्के एकूण मेदद्रव्य असावे लागते. त्यावरून वडीत साबण किती हे कळते, त्याची अल्कधर्मिता कमी होत नाही. हात धुण्यासाठी सामू जुळवलेला, बिनवासाचा द्रव आणला. डबे भरणाऱ्या ताईंना पैसे हाताळल्यावर, हात तेलकट नसतील तर, ग्लिसरीन असलेले अल्कोहोलचे द्रावण वापरायला दिले. भेगेवर ते झोंबते, म्हणून ते वाईट असे त्यांना वाटले; प्रत्यक्षात अखंड त्वचेवर ते वारंवारच्या साबणापेक्षा सौम्य ठरते.

२९ मे २०२५

पाऊस २६ तारखेलाच मुंबईत दाखल झाला आणि आमचे सर्व वेळापत्रक कोलमडले. सुती हातमोजे वाळत नाहीत. दमट हातमोजा घातल्याने मावशींच्या बोटांच्या बेचक्यांत पायांच्या चिखल्यांप्रमाणे पांढरी, भिजलेली कातडी दिसू लागली. हातमोज्यांचे जोड वाढवले आणि ते पोळ्यांच्या भट्टीच्या मागच्या दोरीवर वाळवायचे ठरले. लसणासाठी ऊन नाही. गड्ड्या त्याच भट्टीजवळ परातीत पसरून ठेवल्या तर काम भागते, पण पाकळ्या थोड्या मऊ पडतात.

१७ जुलै २०२५

ताईंची बोटे भरून आली. केंद्रात लसूण नाही, पण घरी सासूबाई तो त्यांच्याकडूनच सोलून घेत असत. डॉक्टरबाईंची चिठ्ठी दाखवल्यावर ते काम दिराकडे गेले. वहिनींनी अंगठी दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आहे. मावशींचे हात निम्म्याहून अधिक बरे आहेत. एका बोटाला नखुरडे झाले होते, ते हात कोरडे ठेवणे आणि औषध यांनी उतरले. मात्र दुपारच्या दोन घरांत वडी आणि तारेची घासणीच आहे. एका घरातील बाईंनी ब्रश आणून दिला, दुसऱ्या घरी मावशी विचारायला तयार नाहीत. आमची व्यवस्था केंद्राच्या दाराशी संपते, ही या कामाची मर्यादा आहे. त्वचा वरून बरी दिसली तरी तिचा संरक्षक थर पूर्ववत होण्यास पुढे काही महिने लागतात, त्यामुळे मोरीची तासाची पाळी बंद करण्याची मागणी मी बैठकीत मान्य केली नाही.

गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी आहेत. उकड गरम असताना तेल-पाण्याच्या हाताने मळावी लागते. ती यंत्रात मळून घ्यावी आणि पाऱ्या वळण्याचे काम ताईंना द्यावे. नारळ खवणाऱ्या दोघींनी दर तासाने जागा बदलावी. मध्यम मापाच्या व्हिनाइल हातमोज्यांचा साठा संपत आला आहे. मावशींना मोठे माप लागते, कारण आत सुती थर येतो. पुढच्या खरेदीत दोन्ही मापे वेगवेगळी मागवावीत.